जुना शेगडा आणि नवा रंग

शेतकऱ्यास आपल्या अवजारांची यादी करावयास सांगितली, तर नांगर, कुळव, पाभर, कोळपें हीं नांवें तो बोटांवर मोजून दाखवील. त्यांपुढें पंप, ट्रॅक्टर, फवारणीचें यंत्र व मळणीयंत्र यांचींहि नांवें येतील. परंतु या सर्व अवजारांचे भाग वेळप्रसंगीं ज्याच्या जबड्यांत धरून दुरुस्त करावे लागतात, त्या शेगड्याचें नांव त्या यादींत बहुधा सांपडणार नाहीं. कारखान्यांतील मंडळी ज्यास 'व्हाईस' म्हणतात, तोच हा शेगडा. एक जबडा स्थिर, दुसरा मळसूत्रानें पुढेंमागें सरकणारा, आणि दोहोंमध्यें वस्तु घट्ट धरण्याची सोय, एवढीच त्याची रचना. तो पेरीत नाहीं, नांगरीत नाहीं, पाणी उपसत नाहीं. म्हणून तो शेतीचा नव्हे, अशी समजूत होऊन बसली आहे. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. जुना शेगडा भंगारांतून सोडवावा, नीट दुरुस्त करावा, रंगवावा आणि पुन्हां कामास लावावा, हें काम प्रत्येक मोठ्या खातेदारानें एकट्यानें व लहान खातेदारांनीं मिळून अवश्य करण्याजोगें आहे, असें आमचें मत आहे. मात्र यांत रंगाचा मान शेवटचा आहे. तो पहिला दिल्यानें काय होतें, तेंहि पुढें सांगणार आहों.

कानस चालवावयास दोन्ही हात लागतात. मग खुरपें कोणीं धरावें? पायाच्या अंगठ्याखालीं दाबून, दगडास टेकवून, किंवा पोराच्या हातीं देऊन हें काम घरोघर चालतें. त्यांत बोटें कापतात व कामहि वेडेंवांकडें होतें. शेगडा हा शेतकऱ्याचा तिसरा हात होय, आणि हा हात थकत नाहीं कीं थरथरत नाहीं. खुरप्या-विळ्यास धार लावणें, कुळवाची फास घासणें, गंजलेला नट सोडविणें, पाण्याचा नळ कापून त्यास आटे पाडणें, लोखंडी पट्टी वांकविणें, हीं कामें शेगड्यावांचून अगदींच होत नाहींत असें नव्हे. पण शेगड्यानें जें पाव तासांत होतें, त्यास एरव्हीं अर्धा दिवस जातो. शिवाय हीं कामें निघतात तीं नेमकीं पेरणीच्या तोंडावर. पाभरीचा एक बोल्ट अडकला म्हणून मनुष्य मोटारसायकलीवर बसून शहराकडे धांवतो; दुकान बंद असलें तर तसाच परत येतो. वाफसा कोणाच्या बोल्टासाठीं थांबत नाहीं.

पूर्वीं ही अडचण एवढी भासत नसे, कारण लोहार व सुतार हे गांवचे बलुतेदार होते. नांगराचा फाळ पाजवून देणें, विळा-खुरप्यास पाणी देणें हें लोहाराकडे असे, व सुगीला खळ्यावर त्याचें बलुतें त्यास मिळे. पुढें लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केले, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते अशी शंका घेऊन शेतकरी ते घेईनात, ही हकीकत प्रसिद्धच आहे. बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या अधिपतींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांस जागा दिली, व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. पुढें ती शंका मिटली आणि लोखंडी नांगर गांवोगांव गेला. परंतु त्याच्याबरोबर नट, बोल्ट, पट्ट्या, पुढें पंप आणि इंजिनें हींहि शेतांत आलीं. यांना नुसती ऐरण व भाता पुरत नाहीं. शेगडा, कानस व पाना लागतो. बलुत्याची रीत मोडली व बहुतेक गांवीं लोहाराची भट्टीहि विझली. शेतीचीं अवजारें लोखंडाचीं झालीं. शेतकऱ्याचा गोठा मात्र लांकडी अवजारांच्या काळींच राहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां शेगडे मिळावयाचे कोठें? यासाठीं फार लांब पाहण्याचें कारण नाहीं. कोथरूड हें एके काळीं पुण्याबाहेरचें शेतीचें गांव. पौड रस्त्यानें मुळशीकडील भातकरी याच गांवावरून पुण्यास येई. १९६२ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीचा डिझेल इंजिनांचा कारखाना येथें उभा राहिला. पौड रस्त्यावर 'वनाज'चा कारखाना निघाला. त्याचेंच नांव आज मेट्रोच्या स्थानकास असून, ६ मार्च २०२२ रोजीं मेट्रो तेथून धांवूं लागली. अशा कारखान्यांच्या आगेंमागें लहान शेडी होत्या. एक लेथ, एक भोंक पाडण्याचें यंत्र, आणि भिंतीशीं जाड लांकडी टेबलावर आवळलेले एक-दोन शेगडे, एवढें त्यांचें भांडवल. शेतांच्या जागीं शेडी आल्या, आणि आतां शेडींच्या जागीं उंच इमारती येत आहेत. शेड मोडते तेव्हां लेथेस गिऱ्हाईक मिळतें. शेगड्यास कोणी विचारीत नाहीं. तो भंगारवाल्याच्या कांट्यावर किलोच्या भावानें चढतो. त्यांतील थोडे पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं व रविवारीं मांडलेले दिसतात; बाकीचे वितळविण्याच्या भट्टींत जातात. ज्या पौड रस्त्यानें शेतकऱ्याचा माल शहरांत येतो, त्याच रस्त्यानें रिकामा टेम्पो गांवीं परतत असतो. भट्टीकडे निघालेला शेगडा त्या टेम्पोंत चढवावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, बाजारांत नवा शेगडा मिळत असतां जुन्याची खटपट कशास? आम्ही नव्याचे द्वेष्टे नाहीं. चांगल्या कारखान्याचा नवा शेगडा ज्यास परवडेल त्यानें तो खुशाल घ्यावा. परंतु स्वस्त म्हणून जो विकला जातो, त्यांत बीड कमी, जबड्यांच्या पट्ट्या मऊ, व मळसूत्राची बसणी ढिली, असें पुष्कळदां आढळतें. कारखान्यांतून निघालेला जुना शेगडा रोज आठ तास काम करण्याच्या हिशेबानें ओतलेला असतो. शेतकऱ्याचें काम महिन्यांतून चार दिवसांचें. शेफील्डचा 'रेकॉर्ड' किंवा शिप्लेचा 'पार्किन्सन' हीं इंग्लंडांतील नांवें कांहीं जुन्या शेगड्यांवर उठावदार अक्षरांत ओतलेलीं असतात, आणि देशी ओतकामाचेहि उत्तम शेगडे असतात. तथापि जुनें तें सर्व सोनें असाहि प्रकार नाहीं. नांव पाहून भुलूं नये, अंग पाहावें.

अंग पाहण्याची ही गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों, याला कारण आहे. मुळशीकडील एका बागाईतदारानें एका विक्रेत्याकडून निळ्या रंगाचा, चकचकीत, नव्यासारखा शेगडा घेतला. मृगाच्या आधीं कुळवाची पट्टी सरळ करतांना त्याचा सरकता जबडा मानेशीं मोडून खालीं आला. सुदैवानें पाय वांचला. मोडलेल्या जागीं पाहिलें, तर निम्म्याहून अधिक भाग गंजानें काळा पडलेला, म्हणजे तडा जुनाच होता. त्यांत लांबी भरून, घासून, वरून रंगाचे दोन हात दिले होते. त्या गृहस्थाचे पैसे तर गेलेच, पण ऐन हंगामांत काम अडलें आणि जुन्या शेगड्यांवरचा त्याचा विश्वासहि गेला. जो रंग लोखंड राखण्यासाठीं, तोच दोष झांकण्यासाठीं वापरला म्हणजे असें होतें. आमचा सल्ला असा कीं, परक्यानें नुकता रंगविलेला शेगडा घेण्यापेक्षां गंजलेला घ्यावा. गंज खोटें बोलत नाहीं.

पारख करणें अवघड नाहीं. शेगडा जमिनीवर ठेवून लहान हातोडीनें जागोजागीं हलके ठोके द्यावे; धड बीड खणखणतें, तडकलेलें बद्द वाजतें. मग सरकता जबडा अर्ध्यावर आणून मळसूत्राचे आटे पाहावे. त्यांचा माथा सपाट असावा. झिजून सुरीच्या पात्यासारखा झाला असेल तर त्या शेगड्याचें आयुष्य सरलें असें समजावें. दांडा मागेंपुढें फिरवितांना थोडी मोकळीक असली तर चालेल. अर्धा फेरा फिरूनहि जबडा हलत नसेल तर आंतील नट गेलेला आहे. जबडे मिटवून त्यांमधून उजेड पाहावा. पट्ट्या झिजल्या असल्या तर त्या बदलतां येतात, म्हणून तेवढ्यासाठीं सोडूं नये. शंका उरल्यास मान व बूड स्वच्छ पुसून तेथें रॉकेल लावावें, थोड्या वेळानें तें कोरडें पुसावें आणि वर खडूची भुकटी फांसावी. तडा असेल तर त्यांत मुरलेलें रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. घासाघीस याच्या नंतर.

घरीं आणल्यावर पहिलें काम खोलण्याचें. मळसूत्र पूर्ण उलट फिरविलें कीं सरकता जबडा बाहेर ओढून काढतां येतो. आंतील नट बुडाच्या बाजूनें किंवा आडव्या खिळीनें बसविलेला असतो. जबड्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू बहुधा हट्टी असतात. त्यांवर पातळ तेल सोडून दोन दिवस वाट पाहावी, मग बरोबर मापाच्या पेचकसानें सोडवावे. घाईनें स्क्रूचा माथा फोडला तर एका दिवसाचें काम आठ दिवसांचें होतें. पट्ट्यांवर गॅसची ज्योत धरूं नये. त्यांचें पाणी उतरतें व त्या मऊ होतात.

जुना रंग काढतांना एक सावधगिरी आहे. पूर्वीं लोखंडास पहिला हात शेंदराचा देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म. अशा रंगाची धूळ मुलांच्या पोटांत गेली तर फार अपाय होतो. आपल्या देशांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांस ९० भागांपेक्षां अधिक नसावें, असा नियम २०१६ सालीं झाला. परंतु तो जुन्या रंगास लागू नाहीं व यंत्रांच्या औद्योगिक रंगांसहि नाहीं. म्हणून जुना रंग कोरडा घासूं नये. ओला करून खरवडावा, खालीं कागद पसरावा, खरवड पुरून न टाकतां बंद डब्यांत ठेवावी, तोंडास फडकें नव्हे तर धुळीचा चांगला मास्क बांधावा, आणि हें काम दाण्याच्या खोलींत किंवा गुरांच्या गव्हाणीजवळ करूं नये.

गंज काढण्यास तारेचा ब्रश व चिकाटी पुरे होते. अधिक चांगला उपाय धुण्याच्या सोड्याचा. प्लॅस्टिकच्या टबांत पाणी घेऊन दर चार-पांच लिटरांस एक मोठा चमचा सोडा विरघळवावा. त्यांत शेगड्याचा भाग व जुन्या साध्या लोखंडाचा पत्रा एकमेकांस न लागतील असे सोडावे. बॅटरी भरण्याच्या बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार शेगड्यास व धन तार पत्र्यास जोडावी. एका रात्रींत गंज सुटून ब्रशानें निघून येतो व खालचें लोखंड झिजत नाहीं. पत्रा स्टेनलेस स्टीलचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला कधींहि घेऊं नये. स्टेनलेसमधून विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें. यांत ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवावा, जवळ विडी पेटवूं नये, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यांत हात घालूं नये. बाहेर काढलेला भाग लगेच धुऊन, उन्हांत तापवून, कोरडा करून तेल लावावें. ओलें बीड तासाभरांत पुन्हां तांबूस होतें.

दुरुस्तीबद्दल थोडेंच सांगावयाचें आहे. बूड किंवा मान तडकलेला शेगडा सुधारण्याच्या भरीस पडूं नये. किरकोळ कान तुटला असेल तर पितळेच्या सांध्यानें तो जोडतां येतो. साध्या विजेच्या वेल्डिंगनें बीड शेजारींच पुन्हां तडकतें. जबड्यांच्या नव्या पट्ट्या गांवाजवळच्या लेथवाल्याकडून पोलादाच्या करून घ्याव्या, व दांडा वांकला असेल तर नवा घालावा. मळसूत्रास ग्रीस द्यावें आणि सरकत्या भागास तेल.

आतां रंग. येथें दुसरा आक्षेप आहे, आणि तो जुन्या वस्तूंच्या रसिकांकडून येतो. त्यांचें म्हणणें असें कीं, जुन्या हत्याराची कांति हेंच त्याचें मोल. त्यावर नवा रंग चढविणें म्हणजे त्याचा इतिहास पुसणें. ज्याचा शेगडा बैठकीच्या खोलींत राहावयाचा आहे, त्यास हें शोभतें. आमचा शेगडा गोठ्याच्या पडवींत राहावयाचा आहे. आमच्याकडे पाऊस चार महिने, त्यांत खताची वाफ व गोमूत्राचा ओलावा. उघडें बीड तेथें दोन पावसाळ्यांत खवल्यांनीं सुटूं लागतें. तेव्हां आम्ही रंगाच्या बाजूचे आहों. पण रसिकांचा अर्धा मुद्दा खरा आहे. मूळ रंग जेथें घट्ट बसलेला आहे तेथें तो उगाच काढूं नये, आणि कारखान्याचें ओतीव नांव रंगाच्या थरांत बुजवूं नये. तें नांव म्हणजे त्या हत्याराची वंशावळ आहे. पुढें सुटा भाग शोधावयाचा झाल्यास तेंच उपयोगी पडतें.

रंग द्यावयाचा तो कोरड्या हवेंत द्यावा. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. थिनरनें तेलाचा अंश पुसून काढावा, नाहींतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पहिला हात रेड ऑक्साईडचा, शेंदराचा नव्हे. तो पूर्ण वाळल्यावर एनॅमलचे दोन पातळ हात द्यावे. एक जाड हात दोन पातळ हातांची बरोबरी करीत नाहीं. निळा, हिरवा कीं राखी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. आवडीचा नाहीं तो एवढाच कीं, रंग कोठें लावूं नये. जबड्यांच्या पट्ट्या, सरकण्याच्या जागा, मळसूत्र आणि ठोकण्याचा सपाट भाग यांस रंगाचा थेंबहि लागतां कामा नये. तेथें तेलच हवें. आणि रंगाखालीं लांबी मुळींच भरूं नये. ओतकामाचा खडबडीतपणा हा दोष नव्हे. तो झांकावयास गेलों म्हणजे एक दिवस तडाहि झांकूं लागतों. जो आपला शेगडा पुढें विकील, त्यानें त्यांतील दोष घेणाऱ्यास आधीं दाखवावा. शेतकऱ्यानें शेतकऱ्यास फसविण्यासारखें दुसरें पाप नाहीं.

बसविण्यांतहि चूक होते. शेगड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच असावा; खालीं असला तर पाठ मोडते. स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित् बाहेर यावा, म्हणजे लांब नळ किंवा पट्टी उभी धरतां येते. आरपार बोल्ट घालून खालून लोखंडी पट्टी द्यावी, व शक्य तर टेबलाच्या पायावरच बसवावा. दांड्यांत नळ घालून जोर वाढवूं नये. दांड्याची लांबी ही त्या शेगड्याच्या ताकदीची मर्यादा आहे. बिडाच्या जबड्यावर घणाचे घाव घालूं नयेत. तापलेलें लोखंड ठोकावयाचें असेल तर लोहाराचा घडीव लोखंडाचा, जमिनीपर्यंत पाय असलेला शेगडा हवा. तो कोठें पडून असेल तर तोहि जरूर उचलावा.

शेवटीं एक सूचना करून हा लेख पुरा करितों. प्रत्येक खातेदारास स्वतंत्र शेगडा हवाच असें नाहीं. दहा-पंधरा घरांच्या वाडीस एक पुरतो. गांवच्या सोसायटीच्या गोदामाच्या पडवींत एक भक्कम टेबल, त्यावर एक शेगडा, भिंतीवर चार कानसी, एक करवत व पान्यांचा संच, आणि काय नेलें-आणलें याची एक वही, एवढ्या खर्चांत वाडीचा छोटा कारखाना उभा राहतो. शेगडा खोलून, साफ करून रंगविण्याचें काम वाडींतील मुलामुलींकडून, जाणत्याच्या देखरेखीखालीं करवून घ्यावें. मात्र जुना रंग खरवडण्याचा भाग मोठ्यांनींच करावा. ज्या मुलीनें एकदां शेगड्याचें मळसूत्र हातानें काढून पुन्हां बसविलें, ती पुढें पंप खोलावयास भिणार नाहीं. शहरांत शिकून नोकरीस गेलेल्या मुलांस शेतीची लाज वाटते अशी तक्रार आपण नेहमीं करितों. पण त्यांच्या हातीं आपण यंत्र कधीं दिलें, याचाहि विचार व्हावा. कोथरुडांतील शेडी मोडत आहेत तोंवर हे शेगडे किलोच्या भावानें मिळत राहतील. शेडी संपल्या कीं तेहि संपतील. दिवाळीनंतर शेगडा आणावा, माघापर्यंत तो धड करावा, फाल्गुनांत रंग द्यावा, आणि मृग निघण्यापूर्वीं प्रत्येक पाभरीचा प्रत्येक बोल्ट त्यावर सोडवून, तेल लावून पुन्हां आवळलेला असावा.